दिगूची तांबडी

शैलावहिनींचा फोन आला तेव्हा मी पपईवरच्या वानरांना शिव्या घालत होतो. हातात गलोल, तोंडात पस्तीस वर्षांच्या मास्तरकीत कमावलेला शब्दसाठा, आणि ओटीवर मोबाईल वाजतोय. दोनदा वाजून थांबला. तिसऱ्यांदा मी चरफडतच उचलला आणि "जरा दम धरा की!" म्हणून ओरडलो. पलीकडून वहिनी अगदी सावकाश म्हणाल्या, "भावजी, हे गेले. चहा पिता पिता गेले..." मी "आलो" म्हटलं आणि तसाच चालत सुटलो. त्यांच्या अंगणात माणसं जमली होती. एकानं हळूच माझ्या हातातली गलोल काढून घेतली, तेव्हा कुठे मला कळलं की ती मी इथवर आणली होती.

दिगंबर, म्हणजे आमचा दिगू, माझा पहिलीपासूनचा मित्र. दिवेआगरात त्याची वाडी आणि माझी वाडी यांच्यात चार घरं. मी इथल्याच शाळेत भूगोल शिकवला. तो श्रीवर्धनला तहसील कचेरीत कारकून होता, एसटीनं जायचा, एसटीनं यायचा. माणूस गेल्यावर त्याचे गुण गाण्याची पद्धत आहे आणि दिगूला गुण पुष्कळ होते. पण मी लिहायला बसलो ते त्यासाठी नाही. पाच वर्षांपूर्वी मी त्याच्याशी एक खोटं बोललो. त्याची जीव की प्राण असलेली वस्तू मी मोडली आणि वर कारण खोटं सांगितलं. रोज उद्या सांगू, उद्या सांगू म्हणत राहिलो. आता तो गेला, त्याला सहा आठवडे झाले.

ती वस्तू म्हणजे एक ट्रॅक्टर. दचकू नका, शेतातला धूड ट्रॅक्टर नव्हे. फार वर्षांपूर्वी अलिबागकडच्या बंगलेवाल्या बड्या लोकांनी बागेसाठी परदेशातून बुटके ट्रॅक्टर आणवले होते. कमरेएवढी उंची, एक माणूस बसेल एवढी सीट, दोरी ओढून चालू करायचं इंजिन. शेठ लोक थकले, पोरं परदेशी गेली, आणि ट्रॅक्टर गोठ्यात नाहीतर आंब्याखाली गंजत पडले. दिगूला पहिला असाच सापडला. कचेरीच्या कामाला कुठेतरी गेला होता, तिथे एका माळ्याच्या खोपीमागे कोंबडी अंड्यांवर बसलेली दिसली. हा वाकून बघतो तर कोंबडीखाली सीट आणि सीटखाली ट्रॅक्टर! माळी म्हणाला, "न्या, पण पिल्लं निघू द्या." दिगूनं खरंच पंधरा दिवस वाट पाहिली. मग टेम्पोतून ते लोखंड घरी आणलं. मी म्हटलं, "अरे, लोक निवृत्तीला आल्यावर देवदर्शनाला जातात, तू भंगार गोळा करतोस?" तो म्हणाला, "देव काय, कुठेही जात नाही. हा मात्र आणखी एका पावसाळ्यात संपला असता."

आठ-दहा वर्षांत त्याच्या पडवीत सहा ट्रॅक्टर झाले. गावानं त्यांना "दिगूच्या बकऱ्या" असं नाव ठेवलं. त्यानं मात्र गाईंना ठेवतात तशी नावं ठेवली. कपिला, चांदी, बांडी... आणि तांबडी. तांबडी सगळ्यात जुनी आणि सगळ्यात लाडकी. तिला उभी करायला त्याला चार वर्षं लागली. आमच्याकडची खारी हवा लोखंडाला सुखानं जगू देत नाही, तांबडीचं इंजिन पार आवळून बसलेलं. दुसरा कोणी असता तर घण घालून मोकळा झाला असता. दिगूनं त्यात रॉकेल आणि खोबरेल ओतून ठेवलं आणि रोज कचेरीतून आला की लाकडी हातोडीनं चार टिचक्या मारायचा. चारच. "आज पुरे, तिला विचार करू दे," म्हणायचा. मी दर रविवारी दुपारी चारला तिथे जायचो, पाने हातात द्यायला आणि टोमणे मारायला. एका रविवारी, सातव्या महिन्यात बहुतेक, इंजिनाचं चाक हातानं अर्धा इंच फिरलं. दिगूनं माझ्याकडे बघितलं आणि त्याच्या डोळ्यांत पाणी! मला हसू आलं, आणि मी वहिनींना हाक मारून सांगितलं, "वहिनी, तुमच्या घरी पोर झालं, पेढे वाटा." पण खरं सांगतो, जायच्या आधी मीही ते चाक एकदा फिरवून बघितलं.

मग वादळ आलं. आमच्या किनाऱ्यानं त्या दिवशी काय सोसलं ते वाचणाऱ्यांतल्या अनेकांना ठाऊक आहे, मी पुन्हा उगाळत नाही. पोफळी काड्यांसारख्या मोडल्या, माड मुळांसकट उपटले. वाड्यांतून चालायला जागा राहिली नाही. मोठी यंत्रं आली, पण आमच्या वाड्यांच्या बोळांत ती शिरतात कुठली? तोंडाशीच अडकली. तेव्हा दिगूनं आपल्या बकऱ्या बाहेर काढल्या. मागे साखळी बांधायची, पडलेल्या खोडाचे तीन तुकडे करून एकेक ओढायचा. ज्यांनी त्याला हसून हसून जेरीस आणलं होतं, तेच सकाळी उठून त्याच्या दारात. "दिगूभाऊ, आज आमच्याकडे येता का?" त्यानं कोणाला नाही म्हटलं नाही, कोणाला आठवणही करून दिली नाही. मी असतो तर दिली असती.

चौथ्या दिवशी तो तांबडी घेऊन माझ्या वाडीत आला. दुपारपर्यंत आम्ही निम्मी वाट मोकळी केली. मग तो जेवायला गेला आणि जाताना बजावून गेला, "मोरू, मोठ्या माडाला हात लावू नको. करवत आली की तुकडे करू. अख्खा ओढायचा नाही." त्या मोठ्या माडाची गोष्ट सांगायला हवी. माझ्या आणि माझ्या चुलतभावाच्या, सदूच्या, वाडीमधल्या गडग्यावरून, म्हणजे हद्दीच्या दगडी बांधावरून, आमच्या वडिलांपासून वाद. तो माड गडग्याला लागून उभा होता, आणि वादळात असा पडला की मुळं माझ्या हद्दीत आणि शेंडा सदूच्या. सदू त्या दिवशी श्रीवर्धनला गेला होता, दुपारी परतणार होता. माझ्या डोक्यात एकच किडा. हा यायच्या आत माड माझ्या हद्दीत ओढून घ्यायचा, नाहीतर उद्या म्हणेल, माड माझा आणि गडगाही माझाच! गाव उद्ध्वस्त झालंय, घरावर कौल नाही, आणि मी गडग्याचा हिशेब करतोय. आता लिहितानाही लाज वाटते.

मी साखळी बांधली, तांबडी चालू केली. माड मुळांसकट, मातीच्या ढेकळासकट. चाकं जागच्या जागी फिरायला लागली, इंजिन किंचाळायला लागलं. पाय क्लचवर होता. दाबला असता तर सगळं तिथेच थांबलं असतं. पण माड वीतभर हलला होता, आणि मला वाटलं, आणखी थोडं... मग खालून असा आवाज आला की अजून ऐकू येतो. गिअरबॉक्सचं ओतीव कवच उभं चिरलं होतं आणि काळं तेल मातीत चाललं होतं. दिगू हात न धुताच धावत आला. खाली बसला, चिरेवरून बोट फिरवलं. मी म्हटलं, "अरे, माझा पाय क्लचपर्यंत पोचलाच नाही. सीट तुझ्या मापाची, मी हा असा पाच फूट दोन इंच..." तो सहा फुटी माणूस माझ्या पायांकडे बघत राहिला. बराच वेळ.

तासाभरानं सदू आला. माडाकडे बघून म्हणाला, "बरं झालं ओढलास. शेंडा काढायला मला माणूस मिळेना. आणि माड काय, तुझाच की रे तो." घ्या! धरणीनं पोटात घ्यावं म्हणतात ना, तसं झालं.

तांबडी ढकलत दिगूच्या पडवीत नेली. त्यानं तिच्यावर ताडपत्री घातली आणि चारी बाजूंनी सुंभानं बांधली. पुढच्या रविवारी मी गेलो, नेहमीसारखा चहा झाला, कपिलेचं काम निघालं. मी विचारलं, "तांबडीचं काय?" तो म्हणाला, "तिला तू हात लावायचा नाहीस." एवढंच. आवाज चढवला नाही, पण मी समजलो. याला कळलंय, मी खोटं बोललो. पुढची पाच वर्षं मी दर रविवारी तिथे बसत होतो आणि ताडपत्रीकडे पाठ करून बसत होतो. कधी वाटायचं, आज सांगून टाकू. एकदा तर "दिगू, त्या दिवशी..." इथपर्यंत आलो. तो पटकन म्हणाला, "तेवढा बाराचा पाना दे." मी पाना दिला. मला वाटलं, त्याला ऐकायचंच नाही. खरं म्हणजे मलाच सांगायचं नव्हतं, पाना हे निमित्त झालं. मधल्या काळात माझी बायको गेली, तेव्हा तेरा दिवस हा माणूस माझ्या ओटीवर झोपला. इतकं जवळचं नातं, आणि मध्ये ती सुंभानं बांधलेली ताडपत्री.

गेल्या आठवड्यात शैलावहिनींनी मला बोलावून घेतलं. मुलगा त्यांना पुण्याला नेतोय, म्हणून पडवीचं काय करायचं ते ठरवायचं होतं. आम्ही बोलत होतो तोवर अंगणात मोटारसायकल थांबली. माणगावचे इस्माईलभाई, लेथवाले. दिगूची अर्धी कामं त्यांच्याच हातची. येऊन पायरीवर बसले, टोपी काढली. "मास्तर, मला कालच कळलं. मुंबईला पोरीकडं होतो. अल्ला त्यांना जन्नत देवो..." मग पिशवीतून कागदात गुंडाळलेलं काहीतरी काढून वहिनींपुढे ठेवलं. "साहेबांचं शेवटचं काम. द्यायचं राहिलं."

लोखंडाचे दोन ठोकळे होते, वर रबर बसवलेलं. वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, मी इस्माईलभाईंकडे. "तांबडीचे हायेत," ते म्हणाले, "क्लच आन् ब्रेकवर लावायचे. साहेब म्हणाले, इस्माईलभाई, चालवणारा बुटका हाय, पाय पोचत न्हाय, अडीच इंच उंच करा." आणि थोडे हसले. "म्हणाले, मित्राला सांगू नका. पुरी झाल्यावर त्यालाच बसवतो. मग हसू दे गावाला."

मी उठलो आणि सुंभ सोडायला लागलो. गाठ सुटेना, इस्माईलभाईंनी सुरी दिली. ताडपत्री काढली. तांबडी नव्यानं रंगवलेली होती. गिअरबॉक्सवर वेल्डिंगची रेघ होती, घासून घासून इतकी साफ केलेली की बोटालाच कळावी. कवच जोडायलाच दोन वर्षं गेली, इस्माईलभाई सांगत होते, दोनदा पुन्हा तडकलं. सीट पुढे सरकवली होती, जुनी भोकं बुजवून नवी पाडली होती. स्टीअरिंग खाली आणलं होतं. दिगूचे गुडघे तिथे मावलेच नसते. आपल्या सगळ्यात लाडक्या ट्रॅक्टरवर आता तो स्वतः बसूच शकला नसता, आणि हे त्यानं समजून उमजून केलं होतं. कधी केलं? सोमवार ते शनिवार, मी नसताना.

इस्माईलभाईंनी ठोकळे बसवले, बोल्ट आवळले. "बसून बघा, मास्तर." मी बसलो. दोन्ही पाय टाचांसकट सपाट टेकले. "बसतंय का?" त्यांनी विचारलं. आणि मी ढसाढसा रडलो. स्मशानात रडलो नव्हतो, तेराव्याला रडलो नव्हतो. रडता रडता त्या दोघांना सगळं सांगून टाकलं. सदू, गडगा, माड, सगळं. इस्माईलभाई खाली बघत हात पुसत राहिले. वहिनींनी पडलेली ताडपत्री उचलून घडी घातली. मग म्हणाल्या, "त्यांना काय माहीत होतं आणि काय नव्हतं, ते मला नाही सांगता यायचं, भावजी. पण ती आता दुसऱ्या कोणाच्या मापाची राहिली नाही. घेऊन जा."

तांबडी माझ्या वाडीत आहे. दोरी ओढली की दुसऱ्या झटक्याला चालू होते. काल तिच्यावरून सदूला पोफळीची रोपं नेऊन दिली. आणि दर वेळी क्लच दाबताना पाय असा अलगद, नेमका जाऊन टेकतो, की मला मोठ्यानं बोलावंसं वाटतं. दिगू, तेव्हाही पोचला होता रे.