कोपऱ्यातली रेघ

हे मी कुणालाच बोलले नाही. लेकीला नाही, देवापुढंही नाही. आज लिहायला बसलेय.

आमचे हे भूमला निजामाच्या टपालात होते. विलीनीकरण झालं, निजामाची तिकिटं बंद पडली, पुढं पेन्शन झाली — पण ह्यांचा जीव त्या जुन्या तिकिटांत. बिस्किटाच्या डब्यात जपायचे. अगदी सुरुवातीची, तपकिरी, अर्ध्या आण्याची. हैदराबादेत कारागिरानं छपाईच्या पत्र्यावर एकेक तिकीट हातानं कोरलेलं, म्हणून एका तावातली दोन सारखी नाहीत — हे मला ह्यांनीच शिकवलं. त्यातल्या एकाच्या कोपऱ्यातली रेघ कोरायची राहून गेली होती. असं दुसरं कुठं असेल, नसेल — ह्यांना तेवढा एकच अभिमान.

मग मोतीबिंदूनं डोळे गेले. तिकिटं मीच बघून सांगायची.

सोलापूरचे एक जाणकार मुद्दाम ते तिकीट बघायला आले. मी चहा ठेवून दाराआड उभी. ह्यांनी हाक मारली आणि पाहुण्यांना म्हणाले, "हे आमचं भिंग बघा. चौथी शिकलंय. डोळे तेवढे बरे हायत, बाकी उजेडच हाय."

दोघं हसले. ह्यांच्या मनात वाईट नव्हतं — मला माहीत नव्हतं का? होतं. तरी कानशिलं तापली. डब्यातून ते तिकीट काढायला सांगितलं. माझ्या बोटांखालीच होतं. मी त्याच्या शेजारचं उचलून दिलं.

पाहुण्यांनी कितीतरी वेळ भिंगातून पाहिलं. "रेघ तर आहे, अण्णा."

"न्हाय हो. नीट बघा."

"आहे. वयामुळं होतं असं."

ह्यांनी मान माझ्याकडं वळवली. "तू सांग गं. रेघ हाय का?"

तेव्हा तरी बोलता आलं असतं. लाजाळू म्हणून गप्प बसायची सवय होती — पण त्या दिवशी मी गप्प कुठं बसले?

"हाय," म्हणाले.

डबा पुन्हा उघडला नाही. कुणी विचारलं तर स्वतःच हसून सांगायचे, मला भास झाला होता. पुढं पुढं साध्या गोष्टीही माझ्याकडून पडताळून घ्यायला लागले — उजाडलं का गं? दारात कुणी आलंय का? मी सांगेन ते खरं. जाईपर्यंत तसंच.

आज दुपारी डबा काढला. तिकीट आहे. तो कोपरा कोराच आहे.