मुंग्या लागलेला आंबा

बाबा गेले तेव्हा मी बहारीनमध्ये होते. जायला मिळालं नाही. नवऱ्याचे साहेब म्हणाले, रजा दिवाळीनंतर बघू. एकोणऐंशीच्या सुमाराची गोष्ट.

आमच्याकडे अक्षय तृतीयेला गेलेल्या माणसाच्या नावाने पान वाढतात आणि पानावर आंबा ठेवतात. तोवर मी आंबा तोंडाला लावणार नव्हते. भावाने गावच्या एका माणसाबरोबर बाबांनी लावलेल्या कलमाचे आंबे पाठवले. एकच नीट पोचला, बाकीचे वाटेत नासले.

मी सलमानिया भागात साहेबांच्याच घरी कामाला जायचे. आमच्या खोलीत फ्रिज नव्हता, म्हणून आंबा त्यांच्या फ्रिजात ठेवला. कशासाठी, तेही साहेबांच्या बायकोला, वहिनींना, सांगितलं.

"अगं ठेव की, विचारतेस काय!"

वहिनी पुण्याच्या. एका डच बाईकडे चित्रं शिकत होत्या. त्या बाईंच्या देशातल्या जुन्या चित्रांचं जाड पुस्तक घरात होतं. पानोपानी फळं, आणि फळांवर माशी, मुंगी, अळी. माशीचे पंखसुद्धा दिसायचे. पुसताना मी ते चोरून बघायचे.

अक्षय तृतीयेला सकाळीच आंबा आणायला गेले. तो टेबलावर होता, चांदीच्या ताटात, द्राक्षांशेजारी. वरून साखरेचा पाक ओघळलेला, देठापाशी मुंग्या. वहिनी ब्रश घेऊन समोर बसलेल्या.

"हलवू नकोस हं! एसीत माशी येईना, शेवटी गॅलरीतल्या मुंग्या कागदावर उचलून आणल्यात."

"वहिनी, हा बाबांचा आंबा."

"माहितीय गं. संध्याकाळी ने. धुतलास की झालं."

"मुंग्या लागलेलं पानावर चालत नाही." मी कसंबसं म्हटलं.

त्या हसल्या. "अगं, या चित्रांचा अर्थच तो. सगळं नासतं, माणूससुद्धा. आमच्या बाई सांगतात. तुझ्या बाबांना साजेसंच आहे की!"

त्या लोकांना मरण आठवायला माशी लागत असेल. मला लागत नव्हती.

घरी येऊन पान वाढलं. भात, वडे, खीर. बाजारातला आंबा आणता आला असता, पण मला तो ठेववेना. पान आंब्याविनाच राहिलं.

संध्याकाळी नवरा पिशवीतून आंबा घेऊन आला. "वहिनींनी दिलाय. तुझं तोंड काय भाड्याने दिलं होतंस? ठणकावून मागायचास."

"तुम्ही बोलाल साहेबांशी?"

त्याने आंबा नळाखाली धरला, देठाकडचा भाग कापून टाकला आणि मुलीला फोडी दिल्या. बाठा स्वतः चोखला. "झकास आहे गं," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी दारातच विचारलं, "गोड निघाला का गं?"

"हो," म्हटलं, आणि भांडी घासायला आत गेले. मी तो चाखलासुद्धा नव्हता.