विटकरी रंग
स्पिरिटच्या दिव्याचा वास आला की भोसरीतली ती संथ दुपार डोळ्यांपुढे तरंगते. मधुमेहाच्या संशोधनासाठी आम्ही कामगारांच्या चाळींतून लघवी तपासत हिंडायचो. लेथवर काम करणाऱ्या एका टर्नरचा नमुना मी काचेच्या नळीत निळ्या औषधात घालून तापवत होते आणि त्याची बायको टक लावून बघत होती. औषध हिरवं झालं, मग पिवळं, मग हळूहळू विटकरी. "काय झ्याक रंग आलाय, ताई!" ती हरखून म्हणाली. खरं सांगायला माझी जीभ रेटेना. "साखर हाय ती," नवराच हळू म्हणाला, "माझ्या बापाच्या किडन्या तिनंच खाल्ल्या." बायको त्याचा हात धरून म्हणाली, "उद्यापास्नं चहा बिनसाखरेचा. दोघांचाबी." आता डॉक्टरांनी माझीही साखर बंद केली आहे. एकटीनं चहा पिताना मला त्या 'दोघांचाबी'चा हेवा वाटतो.