मॉन्स्टेराला लावलेली भर

सासूबाई गेल्यावर सासऱ्यांना, म्हणजे आबांना, आम्ही कळस गावाहून बारामतीला आमच्या फ्लॅटवर आणलं. ते इथं रमतील की चार दिवसांत परत पळतील, याची मला रोज धाकधूक असायची. फ्लॅटमध्ये त्यांना करण्यासारखं काही नव्हतं. टीव्ही त्यांना आवडत नाही आणि लिफ्टवर त्यांचा विश्वास नाही.

मग त्यांचं लक्ष हॉलमधल्या कुंडीतल्या माझ्या मॉन्स्टेरावर गेलं. भोकं पडलेली, चिरलेली ती मोठाली पानं बघून म्हणाले, "आळी लागलीया. फवारा मार."

"आबा, त्याची पानं अशीच असतात."

"फाटकी? आन हे तू इकत आणलंस?"

"हो, आणि तुम्ही त्याला हात लावायचा नाही."

माझी जीभ तशी तिखटच. घरात कुणाची गय करत नाही, आबांचीही करत नव्हते. त्यांना ते चालायचं. सासूबाईंकडून त्यांनी याहून बरंच ऐकलं होतं. हात लावायचा नाही म्हटल्यावर अर्थातच दुसऱ्या दिवसापासून झाड त्यांचं झालं. ओल्या फडक्याने एकेक पान पुसायचे, उन्हाची तिरीप आली की कुंडी आत सरकवायचे. मला वाटलं, आता हे राहतात. झाडापेक्षा मीच जास्त तरारले.

झाड वाढलं तसं एका बाजूला कललं. त्याला खरं तर काठीचा आधार हवा होता, पण आबांचा जन्म उसात गेलेला. ऊस लोळू नये म्हणून बुडाशी माती चढवतात, त्याला भर लावणं म्हणतात. गावाकडून येणाऱ्या एकाकडून त्यांनी गोणीभर काळी माती मागवली आणि आम्ही कामावर असताना मॉन्स्टेराला वीतभर भर लावून कुंडी काठोकाठ भिजवली. संध्याकाळी झाड ताठ उभं. मलाही ते बरं दिसलं.

कुंडीतली काळी माती पाणी सोडत नाही. आधी पानं पिवळी पडली, मग वास यायला लागला. आबांनी माती उकरून बुडाला अंगठा लावला तर तो आत गेला. "कुजलं," म्हणाले आणि माझ्याकडे बघत राहिले.

मी बोलले नाही. ते मनाला लावून घेतील, निघून जातील, या भीतीने मी आयुष्यात पहिल्यांदा जिभेला लगाम घातला. "असू दे आबा, झाडच आहे," म्हणाले आणि हसून चहा टाकला.

त्यांनी शेंड्याकडची चांगली कांडी फुटव्याचा डोळा धरून कापली आणि पाण्याच्या बाटलीत उभी केली. मुळं फुटल्यावर नव्या मातीत लावून दिली. मग आपल्या कपड्यांची पिशवी भरली.

"काय झालं, आबा?"

"एवढं झाड घालवलं, आन तू चकार शबूद बोलली न्हाईस. घरच्या माणसाला बोलत्यात, पोरी. पाव्हण्याला कोन बोलतंय?"

मी विनवलं, नवऱ्याने समजावलं. शेवटी आम्हीच त्यांना एसटीत बसवून आलो.

झाड आता झकास आहे. मी ते जपते आणि कधीकधी त्याचा रागही येतो. जन्मभर नको तिथं बोलले आणि जिथं चार शब्दांनी माणूस घरात राहिला असता तिथं शहाण्यासारखी गप्प बसले. ती हळहळ काही जात नाही.

परवा कळसला गेले, ते ठरवूनच. धुतलेलं धोतर अंगणात मातीत पडलेलं, औषधाच्या गोळ्या तशाच. मी आबांना चांगलं फैलावर घेतलं. ते मान खाली घालून ऐकत होते, मधूनच हसतही होते. मला वाटलं, जमलं. बोलून घसा सुकला तशी चहा टाकायला उठले, तर त्यांनी हातानेच थांबवलं.

"तू बस," म्हणाले. "लांबनं आलीयास. मी करतो."

आणि फडताळातली पाहुण्यांची कपबशी काढून धुवायला घेतली.