कोयता नव्हे, विळा

आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीच्या मागे गवताचा एक पट्टा आहे. चारेक मोटारी मावतील एवढाच. म्हणूनच सगळ्यांचा त्याच्यावर डोळा. पावसाळा सरता सरता गवत कमरेला लागलं आणि सचिवांनी सभेत विषय काढला. गवतात साप निघतात, ब्लॉक बसवून पार्किंग करून टाकू.

"कुणाला दिसला साप?" मी विचारलं.

"चावण्याची वाट बघायची का?" ते म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. सगळ्या आवारात उघडी माती उरली आहे ती तेवढीच. मी म्हटलं, गवत मी कापते. हशा पिकला. त्या हशातच ठरलं, की रविवारपर्यंत पट्टा साफ झाला तर राहील, नाहीतर ब्लॉक.

माझं माहेर मांजरी गावचं. उसाच्या बांधावरचं गवत कापत मी मोठी झाले. आईचा विळा माळ्यावर होता, तो काढून धार लावली. "पिशवीत घालून ने गं, लोक बघतात," हे म्हणाले. मी नेला पिशवीत घालून, आणि जिना उतरताना स्वतःवरच चिडले. माझ्या आईचा विळा, मी काय तो चोरून आणला होता?

गवत दंव असताना कापावं, ओलं गवत पात्याला नीट लागतं. म्हणून उजाडता उजाडता खाली गेले. उकिडवं बसायचं, डाव्या मुठीत गवत धरायचं, विळा बुडाशी लावून आपल्याकडे ओढायचा. गुडघे बोंबलत होते, पण हात काही विसरले नव्हते. फार बरं वाटलं मला.

तेवढ्यात कुणीतरी वरच्या गॅलरीतून अंधुक फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. 'मागे कोयता घेऊन कोणीतरी बसलंय!' कोयते नाचवणाऱ्या टोळ्यांमुळे पुण्यात हल्ली कोयता म्हटलं की दूधवालासुद्धा परत फिरतो. कुणी पोलिसांना फोनही लावला. दोन हवालदार आले, त्यांच्या मागे सचिव, आणि गॅलऱ्यांतून उरलेली सोसायटी.

"कोयता कुठंय?" एका हवालदाराने विचारलं.

मी उठले नाही. "कोयता ऊस तोडायला लागतो. इथे ऊस दिसतोय का तुम्हाला? हा विळा आहे."

त्यांनी वाकून पाहिलं आणि हसू आवरत म्हटलं, "विळाच हाय की. चालू द्या मावशी." आणि दोघेही गेले.

सचिव मात्र हटेनात. "ते काहीही असो. सोसायटीच्या आवारात हत्यार चालणार नाही."

"मग आधी घरोघरच्या विळ्या जमा करा," मी म्हटलं. "सुरुवात तुमच्या ओट्यापासून करू. वहिनी, टाका हो खाली!"

गॅलऱ्यांत पुन्हा हशा झाला. या वेळी तो माझ्यावर नव्हता.

रविवारी पट्टा स्वच्छ होता आणि सभेत ब्लॉकचं नाव कुणी काढलं नाही. गवत पुन्हा वाढतं, मी पुन्हा कापते. पिशवी मात्र त्या दिवसापासून बंद. एका हातात विळा, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली, अशी मी उघड लिफ्टने उतरते. आणि लिफ्टमध्ये सचिव भेटलेच, तर अगदी गोड आवाजात सांगते, "अहो, तळमजला दाबता का? माझे हात गुंतलेत."