पिठल्यावरची प्रार्थना

बायको गेली तेव्हा आमच्या चर्चच्या मंडळीतले लोक पाळकसाहेबांना घेऊन धीर द्यायला पुंडलिकनगरच्या घरी आले. म्हणले, "बाबा, ती प्रभूत निजली, आनंद करा." आनंद करा म्हणं! चहा ढोसला, लांबलचक प्रार्थना झोडली अन् गेले. मी उपाशी हाय, हे एकालाबी दिसलं नाय. आमच्यात जेवायच्या आधी प्रार्थना करतात, अन् घरात ती कायम तीच करायची. तिच्याबिगर घास उचलंना.

मग शेजारच्या बौद्ध घरातली सून पिठलं-भाकरी घेऊन आली. "करा की मामा प्रार्थना. मामी म्हणायच्या, देवाला लांबण लागत नाय."

मी म्हणलं, "देवा, पिठलं गरम हाय. तुझे उपकार." अन् जेवलो.

पाळकसाहेबांना सांगितलं तर म्हणले, "ही कसली प्रार्थना?"

म्हणलं, "हिच्यानं घास उतरला. तुमच्यानं होती ती भूकबी मेली होती."