शेवंतीखालची अक्षरं

कमरीपेठेतल्या त्या छोट्या दुकानाच्या काचेवर संजीवअण्णांनी रंगवलेली पाटी अजून आहे. दुपारी ऊन काचेतून आत येतं आणि पाटीची अक्षरं सावली होऊन जमिनीवर उतरतात. तास-दोन तासांत ती सरकत सरकत टेबलावर चढतात आणि चारच्या सुमाराला अनसूयाक्कांच्या मनगटावर येऊन टेकतात. आक्कांना आता त्याची सवय झाली आहे. ‘आले बघ हे,’ असं पुटपुटत त्या टायपिंग चालूच ठेवतात.

आक्कांचे यजमान अण्णा पाट्या रंगवायचे, आक्का लग्नपत्रिका जुळवतात. अण्णांना जाऊन नऊ वर्षं झाली. जाण्याआधीच्या उन्हाळ्यात त्यांनी ब्रशनं अख्खी बाराखडी कागदावर काढली होती. आक्कांनी ती स्कॅन केली आणि एकेक अक्षर पत्रिकेच्या सॉफ्टवेअरमध्ये बसवलं. पोटात हवा भरल्यासारखा गुबगुबीत ळ, शेपटी जरा जास्तच लांब सोडलेला श्री. ती अक्षरं त्या एकाच सॉफ्टवेअरमध्ये उघडतात. बाहेर कुठंच नाहीत.

गेल्या महिन्यात त्यांच्या कॉम्प्युटरची डिस्क बंद पडली आणि मला बोलावणं आलं. पत्रिका आणि अण्णांची अक्षरं पेनड्राइव्हवर सुखरूप होती, पण बाकी सगळं नव्यानं घालायचं होतं. त्यात बंगळूरला नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलीचं, वेदश्रीचं लग्न ठरलेलं. तिनं फोनवर सांगितलं होतं, पत्रिका अप्पांच्या, म्हणजे अण्णांच्या, अक्षरात हवी, नाहीतर छापूच नको.

नवी डिस्क बसवण्याआधी मी नेहमी कागदावर यादी करतो. कुठला प्रोग्रॅम, त्याचं लायसन्स कुठं. विंडोजची काळजी नव्हती, मदरबोर्ड तोच असला की ती आपली आपण ओळख पटवून घेते. बिलांचा प्रोग्रॅम ईमेलच्या खात्याला जोडलेला होता. उरलं पत्रिकेचं सॉफ्टवेअर. ते बनवणारी छोटी कंपनी केव्हाच बंद झाली होती, त्यामुळे फोन करून विचारायलाही कुणी नव्हतं. सीडी डब्यात होती. पाच-पाचच्या पाच गटांतला पंचवीस अक्षरांचा नंबर तेवढा हवा होता.

“स्टिकर आहे की डोक्यावर,” आक्का म्हणाल्या आणि त्यांनी कॉम्प्युटरच्या कॅबिनेटवरचं फडकं काढलं.

स्टिकर होतं, पण ते केशरी झालं होतं. दर खंडेनवमीला मशीनची पूजा. हळद, कुंकू, गंध, आणि दुसऱ्या दिवशी ओल्या फडक्यानं पुसणं. अशा सोळा खंडेनवम्या त्या कागदावरून गेल्या होत्या. पुसून पुसून कुंकवाबरोबर जवळजवळ सगळी छपाईही निघून गेली होती.

आक्कांनी फडक्याची घडी घातली. मग म्हणाल्या, “देवीनं वाचून घेतलं असणार.”

लायसन्सशिवाय चालणारी फोडलेली कॉपी शोधू का, असं मी चाचरत विचारलं. खरं तर तीही मिळाली नसती. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी त्यांच्या चहात मीठ टाकलंय.

“माझ्याच घरात मी खिडकीतनं शिरू होय रे, अभिषेक?”

विंडोज चढत होती. पडद्यावर ठिपके गोल गोल फिरत होते आणि बाहेर कुणाची तरी शिवणयंत्रं एका लयीत चालली होती. त्या आवाजात आक्का स्वतःशीच बोलल्यासारख्या एक स्वप्न सांगू लागल्या. अण्णा गेल्यापासून पडतं ते. उंच भिंत, शिडीवर अण्णा, हातात निळा रंग. ते एक नाव लिहीत असतात. कुणाचं ते कळेपर्यंत जाग येते. दर वेळी अर्धंच नाव. आणि शिडी इतकी उंच, की वरून त्यांना सगळा गाव दिसत असणार.

मध्येच त्या थांबल्या.

“शिडी,” त्या म्हणाल्या. “पहिल्या पूजेला सगळी हत्यारं एकाच फोटोत यावीत म्हणून शिडीवर चढले होते की हे.”

अल्बम आतल्या खोलीत होता. फोटोत वरून दिसणारे ब्रश, डबे, कागद कापायचं यंत्र आणि नवाकोरा कॉम्प्युटर. अण्णा फोटोत नव्हतेच, पण जमिनीवर शिडीची सावली पडलेली. कॅबिनेटवर स्टिकर, कुंकवाचं एवढंसं बोट कडेला, आणि उजव्या कोपऱ्यात एक पिवळी शेवंती. छपाई तपासायचं भिंग लावून मी चार गट उतरवून घेतले. पाचवा गट फुलाखाली होता.

मी भिंग खाली ठेवलं. झालं, संपलं, असंच वाटलं मला.

आक्का मात्र उठल्या आणि कॅबिनेटपाशी गेल्या. स्टिकरच्या उजव्या कोपऱ्यावर त्यांनी बोट ठेवलं.

“त्यांनी फूल जिथं ठेवलं तिथंच ठेवते मी. दर वर्षी.”

त्या कोपऱ्यात आधी फूल ठेवलं जायचं, म्हणून तिथं कुंकू कधी लागलंच नव्हतं, आणि पुसायची वेळही आली नव्हती. सगळाच नंबर गेला असं धरून मी तिकडं नीट पाहिलंच नव्हतं. कागद जरा पिवळा पडला होता. त्यावर पाच अक्षरं, झोपून उठल्यासारखी, नीट दिसत होती.

पहिल्यांदा नंबर चुकीचा आहे असं आलं. फोटोतला आठचा आकडा आम्ही इंग्रजी बी करून पाहिला, आणि सॉफ्टवेअर उघडलं. मी पेनड्राइव्हवरची अक्षरं आत घेतली. आक्कांनी खुर्ची पुढे ओढली आणि हळूच टाइप केलं, वेदश्री. श्रीची शेपटी पार समासापर्यंत गेली.

तो नंबर मी त्यांच्या वहीत लिहिला, वेदश्रीला पाठवला, कपाटाच्या दाराला आतून चिकटवला. आक्कांचं त्याकडे लक्षच नव्हतं. त्या प्रिंटरपाशी उभ्या होत्या. पहिली प्रत देवापुढं ठेवतात, म्हणून मी देव्हाऱ्याकडं बघितलं. आक्कांनी ती कोमट प्रत कॅबिनेटवर ठेवली, उजव्या कोपऱ्यात, आणि सरळ केली.

“पूर्ण दिसलं की नाव,” त्या म्हणाल्या.

चार वाजत आले होते. काचेवरच्या अक्षरांची सावली टेबलाच्या कडेपर्यंत पोचली होती.